सांताक्रुझला मुंबई म्हणायचं नाही

अच्युतराव त्रिलोकेकरांसमोर सांताक्रुझच्या विमानतळाला मुंबईचा विमानतळ म्हणायची सोय नव्हती. गिरगावातल्या त्यांच्या घरी एखादा नवखा पाहुणा चुकून तसं बोलून गेला, की आत वासंतीबाई कपाळाला हात लावायच्या. पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा! "मुंबई माहीमला संपते, साहेब! खाडी ओलांडली की साष्टी. विमान उतरवायचं साष्टीत आणि पाटी लावायची मुंबईची? उद्या पुण्याला उतरवून मुंबई म्हणाल!"

घरातल्या चार पिढ्या याच शहरात कारकुनी करून म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यामुळे मुंबई आपल्या घरचीच, अशी त्यांची पक्की समजूत. म्युनिसिपालटीने उपनगरं शहरात घेतली तेव्हा आपल्याला कोणी विचारलंदेखील नाही, हा राग वेगळाच. ती पाटी बदलेपर्यंत त्या विमानतळावर पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी गिरगावच्या चौकात चारचौघांत सांगून टाकलं होतं. पोटची मुलगी उर्मिला लग्न होऊन नैरोबीला निघाली, तेव्हाही तिला फोर्टात विमान कंपनीच्या दारातच निरोप देऊन हा माणूस घरी परतला. आता बोला!

बरं, काळ कुठला? छप्पन साल. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही, यावरून सगळं शहर पेटलेलं. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला अच्युतराव पहिल्या रांगेत असायचे. पण सभा संपली की यांची सभा सुरू. शेवटी शेजारचे शरदचंद्र उखडलेच. "अहो, दिल्लीवाले मुंबई तोडायला निघालेत आणि तुम्ही घरबसल्या सांताक्रुझ तोडून देताय! जरा गप्प बसा की!" अच्युतराव पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

अशात उर्मिलेची तार आली. जावयांना सिंगापुरात नोकरी लागली होती आणि ती मुलाला घेऊन तिकडे निघाली होती. विमान वाटेत मुंबईत चार तास थांबणार होतं. नातू आता चांगला बोलायला लागला होता आणि आजोबांनी त्याला अजून नुसता फोटोत पाहिला होता.

"मुंबईत थांबणार ना? मग मुंबईत आणून सोडा म्हणावं," अच्युतराव गुरगुरले. "तिकिटाचे पैसे मुंबईचे घेतात, मग काय होतं मेल्यांना?"

"चार तासांसाठी आलेल्या लेकीला भूगोल शिकवणार आहात का?" वासंतीबाई संतापून म्हणाल्या. "माझे गुडघे धड असते ना, तर तुम्हाला विचारलंही नसतं."

विमान यायच्या दिवशी वासंतीबाईंनी सकाळीच कोलंबीचं भानोलं लावलं. खाणार कोण, कोणास ठाऊक! पण लेकीच्या आवडीचं, म्हणून लावलं. वास घरभर सुटला आणि अच्युतरावांना बसवेना. "चौकात जाऊन येतो," म्हणून निघाले. खरं सांगायची लाज वाटली, दुसरं काय! चर्नी रोडला गाडी धरली आणि माहीमला चक्क उतरले. इतकी वर्षं गळा फाडून सांगितलं, त्यावर आपल्याच हाताने पाणी सोडायचं? एक गाडी सोडली. दुसरी सोडली. मग मात्र नातवाचा फोटो डोळ्यांपुढून हलेना, तेव्हा स्वतःला शिव्या घालत तिसरीत चढले.

विमान केव्हाच उतरलं होतं. कंपनीच्या टेबलाशी टाय लावलेला एक तरुण होता. त्याने नाव ऐकलं आणि म्हणाला, "लहान मुलगा होता ना बरोबर? त्या बाई मघाशीच टॅक्सी करून मुंबईला गेल्या."

मुंबईला गेल्या! मुंबईची पाटी लावलेल्या विमानतळावर उभा राहून हा प्राणी म्हणतोय, मुंबईला गेल्या! एरवी अच्युतरावांनी त्याला हाताला धरून चौकात नेला असता, साक्षीला. आज तेवढा वेळ कुठे होता?

तिथेच थांबते, तर लेक परत येताना भेटलीच असती. पण एवढा पोच तेव्हा कुठला? धावत जाऊन टॅक्सी केली. "गिरगाव! लवकर चला!" आणि दादरला मोर्चा आडवा. रस्ताभर माणसंच माणसं, टॅक्सी जागची हलेना. एका पोराने खिडकीतून डोकं आत घातलं. "बोला काका, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अच्युतराव ओरडले आणि त्यांना रडूच आलं. "आता वाट द्या रे बाबांनो, माझी मुलगी आलीय!" त्या गजरात कोणाला ऐकू जाणार?

घरी पोचले तेव्हा वासंतीबाई दारातच बसल्या होत्या. डोळे लाल झालेले.

"गेली," त्या म्हणाल्या. "थांब थांब थांबली, आणि आत्ता गेली. बाळ सारखं विचारत होतं, आजोबा कुठेत म्हणून. काय सांगू त्याला?"

"पण ती घरी कशी आली?"

"म्हणाली, बाबा काही माहीमच्या पुढे यायचे नाहीत, म्हणून मीच आले."

अच्युतराव चपला न काढताच खुर्चीत बसले. "अगं, मी तिथेच गेलो होतो. सांताक्रुझला."

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"निदान आज तरी खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.