आतोबा आणि बाहेरच्या वाटा

जगातल्या प्रत्येक दुःखाचं मूळ चुकीच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतं, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा आहे. आतोबा मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या सिग्नल शाखेत उमेदीची वर्षं काढली, शेवटचं पोस्टिंग चंडीगढजवळच्या चंडीमंदिरला झालं, आणि निवृत्तीनंतर गावी परतायचं सोडून त्यांनी तिथेच, मोहालीत घर केलं. कारण विचारलं की सांगायचे, "आरं, हे चंडीगढ बघ, कसं सेक्टरांत कापलंय. आखणाऱ्याला राउटिंग, म्हंजी वाटा काढणं, कळत हुतं." मुल्लानपूरच्या बाजूला नवं चंडीगढ उभं राहतंय, त्याला ते अर्धवट टाइप केलेली कमांड म्हणतात. निवृत्तीपासून एका क्लासमध्ये ते कॉम्प्युटरचं नेटवर्किंग शिकवतात. घरी जे दिवसभर तोंडी चालतं, तेच तिथे फळ्यावर.

मी इंजिनिअरिंगसाठी आलो तो त्यांच्याच घरी राहिलो. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी माझ्या ताटातल्या वाट्या हलवून मला शास्त्र समजावलं. मोठ्या नेटवर्कचे एरिया पाडतात. मधला एरिया शून्य, तो कणा. एका एरियातून दुसऱ्यात जायचं तर शून्यातूनच जायचं. वाट्यांवर भागलं असतं तर मी कशाला बोललो असतो? पण घरात दिवाणखाना हा एरिया शून्य होता, आणि स्वयंपाकघरातून थेट माझ्या खोलीकडे हाक मारायला आत्याला बंदी होती. बिचारी पिठाच्या हातांनी दिवाणखान्यात यायची, सोफ्यासमोर उभी राहून "चहा झालाय" असं जाहीर करायची, मग आतोबा मान डोलवून आत येत आणि मला वर्दी देत. तोवर चहावर साय धरलेली असे. "उशीर झाला तरी चालंल, पण निरोपाचं पाकीट भरकटाय नाय पायजे," असं वर ऐकवायचे.

बाहेरच्या बातमीचा तर त्यांना खास संशय. बाहेरच्या जगाची वाट आणणारा राउटर वेशीवर बसतो, त्याने आणलेली वाट सगळ्या एरियांत पसरते, पण ती आणणारा नेमका कुठे आहे हेही सांगावं लागतं, नाहीतर ती वाट कुचकामी. शेजारचे सरदारजी एकदा सहज म्हणाले, "पंचकुला में बारिश हो रही है जी." आतोबांनी त्यांची उलटतपासणी घेतली. आपने खुद देखा? किसने बताया? वो इस वक्त कहाँ है? सरदारजी म्हणाले, "ओ जी, साली का फोन था," आणि त्यानंतर कित्येक दिवस ते आतोबांशी हवामानावर बोलले नाहीत.

पुढे साताऱ्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाचं लग्न मोडलं, कुणी कुणाची जमीन लाटली असल्या बातम्यांचा पूर आला आणि आतोबांनी घर 'स्टब एरिया' जाहीर केलं. स्टब म्हणजे खुंटलेला. त्यात बाहेरच्या वाटा येत नाहीत, आतल्यांनी आणायच्याही नाहीत. तिथे एकच वाट शिकवतात, डिफॉल्ट रूट: बाहेरचं काही लागलं तर वेशीवरच्याला विचारा. वेशीवर कोण, हे सांगायला नकोच. आत्याने लगेच मान्य केलं, कारण वाद घालण्यापेक्षा तिला ते सोपं पडतं. मी मान्य केलं, कारण मला तिथे दोन वेळ जेवायचं होतं. मुक्ता, त्यांची एकुलती एक मुलगी, मोहालीच्याच नॉलेज सिटीतल्या संस्थेत संशोधन करणारी, हातातली पोळी खाली ठेवून म्हणाली, "पापा, मैं नहीं मानती."

आता शास्त्र असं की एरिया स्टब आहे हे त्यातल्या प्रत्येक राउटरला मान्य असावं लागतं. एक जरी 'नाही' म्हणाला तरी त्याचं बाकीच्यांशी शेजारपण जुळत नाही. आतोबांनी हा नियम वर्षानुवर्षं शिकवला होता. तो त्यांनी पाळला. मुक्ताशी बोलणं बंद. ती त्यांचीच मुलगी, तिनेही बंद केलं. सहा महिने एकाच टेबलावर बापलेक जेवत होते आणि मीठ माझ्याकडून मागत होते. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची, हे कबूल करतो.

एका रविवारी सरदारजी लाडवांचा डबा घेऊन आले. दार आतोबांनी उघडलं. "बधाई हो जी! कुड़ी जर्मनी चल्ली ए!" आतोबा डबा हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "हां जी, पता है." आयुष्यात प्रथमच त्यांनी न तपासलेली बातमी मान्य केली. दार लावून माझ्यासमोर आले.

"तुला ठाऊक हुतं?"

"हो. तिथल्या विद्यापीठात जागा मिळालीय तिला. तीन वर्षं."

"आन् हिला ठाऊक हुतं?"

"आत्यालाही."

"मग मलाच तेवढं..."

"बाहेरची बातमी आतल्यांनी आणायची नाही, हे तुम्हीच ठरवलंत, आतोबा."

इतका वाईट विद्यार्थी असून हे उत्तर मला अचूक आलं, आणि दिल्याक्षणी ते दिलं नसतं तर बरं, असं वाटलं. ते सोफ्यावर बसले. वेशीवर बसून सगळ्या जगाची खबर ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीचं जाणं शेजाऱ्याकडून कळलं होतं. मग ते उठले आणि तिच्या दारापुढे जाऊन उभे राहिले.

"मुक्ता, मी एरियाचा प्रकार बदलतोय."

"मतलब?" आतून आवाज आला.

"फार खुंटलेला नव्हे, असा एक प्रकार असतो. म्हणजे आतल्या माणसानं बाहेरची वाट आणली तर ती ऐकून घेत्यात. वेशीवरचा ती जराशी बदलून पुढं सांगतो."

दार उघडलं. "पापा, आप सॉरी बोल रहे हो क्या?"

"तसंच कायतरी," आतोबा म्हणाले.

जायला उरले होते अकरा दिवस. सहा महिने वाया घालवून हाती आलेले अकरा दिवस. त्यांत त्यांनी तिची बॅग चार वेळा वजन करून पाहिली. तिला सोडून दिल्लीच्या विमानतळावरून टॅक्सीने परतताना अंबाल्यापर्यंत ते रस्त्यावरच्या अंतराच्या पाट्या वाचत राहिले. मग म्हणाले, "बाहेरचं अंतर मोजायच्या दोन रीती हायती. एकीत फक्त वेशीपल्याडचं मोजायचं, आतलं धरायचंच न्हाई. दुसरीत आतलंही धरत्यात. मी पहिलीच वापरत आलो रं." एरवी मी यावर चेष्टा केली असती, तेव्हा केली नाही. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ताचा फोन आत्याला आला. आतोबा शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. पान उलटत नव्हते. थंडी, खोली, मिळालेला भात, सगळं आईला सांगून झाल्यावर तिने विचारलं, "पापा हैं?" आत्याने फोन पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, "बोल" म्हणाले. मधूनच "हां" म्हणत होते. आतोबांना एवढा वेळ नुसतं ऐकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.