मंगळवारच्या सह्या

मला वर्षाला पंधरा किरकोळ रजा मिळतात. त्यातल्या बारा मी गोल्फला देतो. महिन्यातून एक, तीही गुरुवारची, कारण रविवारी मैदानावर गर्दी असते आणि गुरुवारी दुपारपर्यंत डॉक्टरला दवाखाना बंद ठेवता येतो. ऑफिसात कुणाला हे सांगितलेलं नाही. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात गुणांची पडताळणी करतो. तिथला माणूस गोल्फ खेळतो म्हटलं तर लोक हसतील. शिवाय आमचं मैदानही कुणी गोल्फचं म्हणून ओळखणार नाही. नऊ होल आहेत, पण हिरवळ कुठेच नाही. होलभोवती जळकं तेल मिसळलेल्या वाळूचं वर्तुळ असतं, त्याला आम्ही ब्राऊन म्हणतो. त्यावर आधी लाकडी फळी ओढून वाट सपाट करायची, मग बॉल ढकलायचा. बाकी सगळी काळी माती.

खेळणारे आम्ही तिघे. डॉक्टर माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत एका बाकावर होतो, आता त्याचा देशपांडे नगरात दातांचा दवाखाना आहे. दुसरे अण्णा. कोप्पीकर रोडवर त्यांचं पंखे-मिक्सरचं दुकान आहे. आमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, घरची भाषा कन्नड, आमच्याशी मराठी, आणि बॉल चुकला की पुन्हा कन्नड. कार्ड, म्हणजे कुणाला कुठल्या होलला किती फटके लागले त्याचा हिशेब, मी लिहितो; फटके कमी तो जिंकला. पहिल्या दिवसापासून मीच लिहितो, म्हणून दोघे मला ऑडिटर म्हणतात.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी मी धारवाडहून साडेसहाची बस धरली. घरातून निघताना कुणाला सांगायचं नव्हतं. मुलीचं बाळंतपण झाल्यापासून बायको बंगळूरला आहे. दिवाळीपासून घरात मी एकटाच. हुबळीत डॉक्टरने गाडीत घेतलं, अण्णा पुढच्या सीटवर होतेच.

मैदानावर पत्र्याची शेड आहे. तिथल्या वहीत तारीख घालून सही करायची आणि मग खेळायला जायचं. ते दोघे बूट बदलत होते. माझे बूट पायातच होते, म्हणून मी वही चाळायला घेतली. नवी वही सुरू झाल्यापासून माझे डाव किती झाले ते मोजावं, एवढाच विचार होता. माझ्या सह्या सापडल्या पाच. पण मधल्या पानांवर डॉक्टरची सही दिसली, लांब शेपटीची. तिच्याखाली अण्णांची, कन्नडमधली. तारीख पाहिली, मंगळवार. पुढचं पान उलटलं, पुन्हा मंगळवार. मी बोटाने मोजत गेलो. अकरा मंगळवार.

मला दोघांनी सांगितलं होतं की महिन्यातून एकदाच जमतं.

पहिला मंगळवार कुठला तेही पाहिलं. ऑक्टोबरातल्या आमच्या गुरुवारानंतर पाचव्या दिवशीचा. तो गुरुवार मला नीट आठवत होता. त्या दिवशी अण्णांनी गदगहून आलेल्या आपल्या व्याह्यांना खेळ दाखवायला आणलं होतं. अण्णांच्या मुलीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. व्याही शेडजवळच्या खुर्चीवरून उठून आमच्यामागे चालत होते, अण्णा त्यांना काठ्यांची नावं सांगत होते. सहाव्या होलवर अण्णांचा बॉल इकडून तिकडे फिरला. शेवटी होलमध्ये पडला तेव्हा ते म्हणाले, "आठ."

मी म्हणालो, "अकरा, अण्णा." आणि एकेक फटका कुठून कुठे गेला ते सांगितलं. झाडाजवळचे दोन, ब्राऊनवरचे पाच.

व्याही मोठ्याने हसले. म्हणाले, "दुकानात पण असंच मोजतात की काय आमचे व्याही?" अण्णाही हसले. मी कार्डावर अकरा लिहिलं आणि पुढच्या होलकडे चालू लागलो. आकडा बरोबर होता. मुलीच्या सासरच्या माणसासमोर तो सांगायचा नव्हता, हे मला वहीतली तारीख पाहीपर्यंत सुचलं नाही. चार महिने.

"ऑडिटर, बर्री, या लवकर! वहीत काय परीक्षेचे पेपर आहेत?" अण्णांनी हाक मारली. मी सही केली आणि वही बंद केली.

पहिल्या तीन होलवर मी नुसते आकडे लिहिले. चौथ्यावर अण्णांचा बॉल जमिनीच्या भेगेत गेला. काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात, काही इतक्या खोल की काठीची मूठ आत जाते. अण्णा गुडघ्यावर बसून बोटं घालत म्हणाले, "दिसतोय, हाताला येत नाही."

डॉक्टर म्हणाला, "राहू द्या, दुसरा टाका. मागच्या वेळी आपण असंच..." आणि थांबला.

माझ्यासमोर आजवर कुणाचा बॉल भेगेत गेला नव्हता. अण्णांनी मातीतून हात काढला आणि खिशातून दुसरा बॉल काढायला उगीच वेळ घेतला. मला वाटलं, आता कुणीतरी काही बोलेल. मी फक्त विचारलं, "दंड धरायचा की नाही?" आणि विचारताक्षणी वाटलं, नको होतं विचारायला.

"धरा की," अण्णा म्हणाले. "नियम तो नियम."

आता एक गोष्ट सांगायला हवी. इथे बॉल होलपासून वीतभर राहिला की समोरचा म्हणतो, "होग्ली बिडु." म्हणजे जाऊ दे, सोड. मग बॉल पडला असं धरायचं आणि उचलायचा. सगळं मैदान असं खेळतं. मी कधी म्हटलं नाही, आणि मला कुणी म्हटलं तरी घेतलं नाही. वीतभरावरूनही बॉल चुकतो, मी स्वतः चुकलो आहे. न मारलेला फटका कार्डावर कसा लिहायचा? माझं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

पण नवव्या होलवर अण्णांचा बॉल बरोबर वीतभर राहिला. फळी माझ्या हातात होती. मी ती ओढली नाही. म्हणालो, "होग्ली बिडु, अण्णा."

डॉक्टरने मान वर केली. अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"काय म्हणालात?"

"उचला. पडला तो."

"नको हो," ते म्हणाले. "तुमची झोप जाईल. नंतर मलाच पाप लागायचं." ते वाकले आणि बॉल ढकलला. तो होलच्या कडेवरून फिरून पलीकडे वीतभर गेला. डॉक्टरला हसू आलं होतं, त्याने ते दाबलं. अण्णांनी पुन्हा ढकलला. पडला.

मी पेन्सिल काढली. "किती लिहू, अण्णा?"

"तुम्हीच सांगा. तुम्हाला ठाऊक आहे की."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

"सात," मी म्हणालो.

"सात," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली फळी घेऊन त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी ब्राऊन सपाट केला.

परत येताना अण्णा कोप्पीकर रोडच्या तोंडाशी उतरले. मी पुढच्या सीटवर आलो. बस स्टँड येईपर्यंत मी थांबलो, मग म्हणालो, "वही बघितली मी."

डॉक्टरने गाडी बाजूला घेतली.

"तू असलास की खेळ होतो रे," तो म्हणाला. "मंगळवारी आम्ही नुसते फिरतो. अण्णा तीन-तीनदा मारतात, मी बघत नाही. माझं ते बघत नाहीत."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? बाकावर शेजारी बसायचास तेव्हापासून तू माझी गणितं तपासतोस. तुला मोजू नकोस म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नकोस म्हणणं."

"अण्णा व्याह्यांबद्दल काही बोलले?"

"एकदाच. मग नाही बोलले." त्याने गाडी सुरू केली. "मंगळवारी ये तू. बघ जमलं तर. पण कार्ड नको आणूस."

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. खेळून आलो की ती नेहमी एकच विचारते, "किती?" तिला या खेळातलं काही कळत नाही, पण आकडा विचारते, आणि मागच्या वेळेपेक्षा कमी की जास्त हे तिच्या लक्षात असतं. मी सांगितलं, सत्तावन्न. "एकने कमी," ती म्हणाली. मागून बाळ रडलं आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी मंगळवारची रजा टाकली. कार्ड आणि पेन्सिल टेबलाच्या खणात ठेवून गेलो. शेडमध्ये मला पाहून अण्णा म्हणाले, "आलात? बरं झालं." मंगळवारच्या पानावर तिसरी सही माझी पडली.

ते दोघे खरंच नुसते फिरत होते. बॉल मारायचे, बोलायचे, पुन्हा मारायचे. अण्णा जावयाच्या नव्या नोकरीबद्दल सांगत होते. मधूनच एखाद्या झाडाकडे बोट दाखवून दोघे हसायचे. तिथे आधीच्या कुठल्यातरी मंगळवारी काहीतरी घडलं होतं. मीही हसायचो. दोनदा अण्णांनी मला "होग्ली बिडु" म्हटलं आणि मी वाकून बॉल उचलला. उचलताना होलकडे बघितलं नाही. अण्णांनी माझ्या बायकोची चौकशी केली, कधी येणार म्हणून. मी म्हणालो, अजून ठरलं नाही. चहा अण्णांनी पाजला.

घरी येऊन मी खिडकीत उभा राहून खानावळीतून आणलेली रोटी खाल्ली. सहा वाजता बायकोचा फोन आला. खेळून आलो, म्हणालो.

"आज मंगळवारी कसं काय गेलात?" आणि मग, "किती?"

एकोणसाठ. उचललेले दोन धरून एकसष्ट. दोन्ही आकडे मला पाठ होते.

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

पलीकडे बाळ रडत होतं, तरी तिने फोन ठेवला नाही.

"तुम्हाला बरं आहे ना?" तिने विचारलं.