भिंतीवरची मळी

मळी काढण्यात माझा हात धरणारा सगळ्या जिल्ह्यात कोण न्हवता. खरं म्हंजे गुऱ्हाळावर मी नुसता चुलवाणात चिपाडं सारायचो. उसाच्या रसावरची मळी काढायचा तो गुळव्या, मी लांबनं बघायचो.

स्टो जाऊन आमच्या मंगळवार पेठंतल्या घरात गॅस आला, त्या वर्षीची गोष्ट. धाकट्या भैनीला बघाय कोडोलीचं पावणं येणार हुतं. आधीची दोन ठिकाणं मोडल्याली, आईच्या जिवाला घोर. सैपाकघराची भिंत इतकी तेलकट, की बोट लावलं तर चिकटून बसायचं. आई म्हणाली, "बायका आत येऊन पैली भिंतच बघत्यात. घासून काढ की."

गुळव्या रानभेंडी ठेचून पाण्यात घोळायचा, चुना टाकायचा, की रसातली घाण आपसूक वर. मग भिंतीचं तेल का येणार न्हाय? बादलीभर भेंडीचं पाणी केलं, चुना घातला, आणि आपलं डोकं म्हणून वर मूठभर धुण्याचा सोडा. शाळंत दुसरीच्या पुढं शिकलो असतो तर चुना नि सोडा मिळून कातडं जाळत्यात हे कळून हात आखडला असता.

भिंतीला चोपडून बिडी ओढाय भाईर गेलो. परत येऊन बघतोय तर काय! तेल गेलतं खरं, पर संगं रंगबी. हिरवा ऑइल पेंट सालपटावानी लोंबत हुता, आतला गिलावा उघडा. माझ्या बोटांची कातडी सोलल्याली. आई दारात, तोंडाला पदर. शिवी देईना. आई शिवी देत न्हाय म्हणल्यावर मी लई भ्यालो.

तेवढ्यात पावणं आलं. तासभर आधी! मी फडकं शोधतोय तोवर पोराची आई सरळ आत. भिंतीवरनं फरशीवर गळल्याल्या भेंडीच्या बुळबुळीत पाण्यावर पाय पडला आणि धाडदिशी आवाज. साठीची बाई उताणी, डोळं मिटल्यालं.   मेली काय ही?

भैन पोह्यांचा ट्रे टाकून पळत आली. बाईंचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, कंबर चोळली. आम्ही मायलेकं खांबावानी उभी.

बाईंनी डोळं उघडलं. भिंत बघितली, बादली बघितली, मग मला.

"ह्यो कोण?"

"थोरला माझा," आई पुटपुटली.

बाई भैनीचा हात धरून उठल्या. "पोरगी आमाला पसंत हाय," आईला म्हणाल्या. "पर ह्याला कधी आमच्या घरी धाडू नगा."