मांडीखालचा शाईपॅड

तार आली तेव्हा मी मुंबईत आमदार निवासात होतो. सखाराम गेला, एवढंच तिच्यात होतं. नगरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. लहानपणापासूनचा दोस्त, आणि मला खांदासुद्धा देता आला नाही... खरं सांगू? मनातून सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

सखाराम कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. अंगठ्याचा शाईपॅड मांडीखाली दाबलेला असे. कागद लिहून झाला की अडाणी माणसाला अक्षरन् अक्षर वाचून दाखवणार, त्याला पटलं की मगच पॅड बाहेर. "अंगठा दिला म्हंजे मान दिली, बाबा. कुनाच्या हातात देतोस ते आधी ऐक तरी!" मी आमदार झालो आणि त्यानं तोच नियम मला लावला. विधानसभेच्या कामकाजाची छापील पुस्तकं वाचनालयात येत. ती चाळून हा गडी वही भरायचा... कोणतं विधेयक तपासायला समितीकडं पाठवा अशी मागणी झाली, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कुणी 'पाठवा' म्हटलं, कुणी 'नको'. मी हसायचो. "नाना, हसू नगं," तो म्हणायचा, "तिथं तू आमच्या सगळ्यांचा अंगठा लावतोस."

गेल्या साली दुष्काळात खासगी विहिरी ताब्यात घ्यायचं विधेयक आलं. सखाराम मला एसटी स्टँडवर गाठायला आला. "पान्याला माजा इरोध न्हाई. पन कुनावर अन्याव झाला तर दाद कुठं मागायची, तेवढं समितीत बघू दे. आठ दिस लागतील." मी "बघतो" म्हणालो. सभागृहात समितीकडं पाठवायच्या मागणीवर मतं मोजायची वेळ आली, पक्षाचा आदेश होता, मी 'नको'च्या बाजूला उभा राहिलो. मसुदा उघडलासुद्धा नव्हता. महिन्याभरात पारनेरकडच्या त्याच्या विधवा बहिणीची विहीर गेली. गावाला पाणी मिळालं, ते चुकीचं नव्हतं. पण तिच्या लिंबोणीला हंडाभरही ठेवलं नाही. भावानंच तिचा अर्ज लिहिला, वाचून दाखवला, आणि पॅड पुढं केला. कायद्यात अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असल्याचं कलम होतं, अर्ज तसाच परत आला. बाई वाळलेली झाडं तोडून सरपणाला विकत बसली. सखाराम माझ्याशी भांडला नाही, नुसता यायचा बंद झाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. वहिनींनी वही आणून पुढ्यात ठेवली. त्या विधेयकाच्या पानावर सगळ्यांच्या नावापुढं नोंद होती, फक्त माझ्या नावापुढं कोरं. "ह्यांना लिवायचा धीर झाला न्हाई, भावजी. म्हनले, नाना यील, आपल्या हातानं लिवंल."

मी लिहिलं, 'नको'. खाली, 'न वाचता'. वही मिटायला गेलो तर वहिनींनी तिच्यावर हात ठेवला. त्यांना अक्षरओळख नाही.

"वाचून दाखवा."

वाचलं... तोंडातल्या तोंडात.

"ऐकू न्हाई आलं," वहिनी म्हणाल्या. "परत वाचा."