खुर्चीमागचा हात

वासिफला कुणी बिचारा म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुंडलिकनगरात माझी पिठाची गिरणी आहे आणि समोर त्याचं गादीचं दुकान. दळण घेऊन आलेली माणसं पीठ होईपर्यंत त्याच्याकडं बघत सुस्कारे सोडतात. गादीचं गिऱ्हाईकही तसलंच. वासिफ समोर बसलेला, भाव तो सांगणार, आणि हे विचारणार त्याच्या बापाला, "याला काय झालं हो?" अरे, त्याला तोंड आहे की. नवाबभाई मात्र शांतपणे म्हणायचे, "त्यालाच इचारा. मालक तोच हाय."

नवाबभाई म्हणजे वासिफचे वडील. कापूस पिंजण्यात त्यांचा जन्म गेला. वासिफ शाळेत असतानाच त्याच्या अंगातली ताकद कमी होत गेली. आधी पाय गेले, मग दंड. बोटं तेवढी राहिली. तेव्हापासून नवाबभाई त्याला चाकाच्या खुर्चीतून ढकलत न्यायचे, शाळेत, दवाखान्यात, मशिदीत, पुढं दुकानात. दोघांपैकी एकटा कुणी कुठं गेलेला मी पाहिला नव्हता.

मग एका संस्थेकडून बॅटरीवरची खुर्ची मिळाली. उजव्या हाताशी एक छोटी दांडी. ती बोटानं पुढं लोटली की खुर्ची चालते, वळवली की वळते. शेजारी गतीचे पाच दिवे, जितके लागतील तितका वेग. पहिल्याच दिवशी वासिफ पाचही दिवे लावून निघाला आणि गल्लीच्या टोकाच्या हॉटेलात एकटा जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगून आला. मी गिरणी बंद करून बघत होतो. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. पण नवाबभाई दुकानाच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर टाकून. त्या हातांचं आता काय करायचं, ते त्यांना कळत नव्हतं.

वासिफनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो एकाच दिव्यावर चालायला लागला. नवाबभाई मागं, त्यांचा हात हँडलवर, आणि खुर्ची त्यांच्या पावलानं. मोटार जोडलेली असली की असली खुर्ची बाहेरून ढकलून तसूभर हलत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी रस्त्यात कुणी विचारलं की वासिफ सांगायचा, "अब्बा आनतेत मला." पुढं नवाबभाईंना दम लागायला लागला, गुडघे दुखायला लागले, तेव्हा तर खुर्चीच त्यांना आधार देत घेऊन यायची.

मी चिडवायचो, "काय नवाबभाई, फुकटात सवारी?"

"ड्रायवर घरचा हाय," ते म्हणायचे. "भाडं कोन मागनार?"

एक काम मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. झोपण्याआधी खुर्ची चार्जिंगला तेच लावायचे. प्लगपर्यंत वासिफचा हात पोचत नव्हता, आणि आपल्या बायकोला, फहमिदाभाभींना, ते तिथं फिरकू देत नसत. वाकणं जमेना म्हणून त्यांनी भिंतीजवळ एक स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसून ते निवांत प्लग लावायचे.

गेल्या उन्हाळ्यात नवाबभाई गेले. संध्याकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी मशिदीत नमाज झाली. पाचोडचे नातेवाईक वासिफला म्हणाले, "आम्ही उचलून रिक्षात बसवतो तुला. खुर्ची इथंच राहू दे."

"खांदा तर देता येनार नाय मला," वासिफ म्हणाला. "मागं मागं तरी येऊ द्या. कबरीपर्यंत अब्बासंगंच येनार मी."

ते आणखी समजवायला लागले, तेव्हा मी खेकसलो. म्हटलं, बाप त्याचा आहे, त्याला ठरवू द्या.

जनाजा खांद्यावर घेतला की रेंगाळायचं नाही, झपझप न्यायचा, अशी त्यांच्यात रीत आहे. माणसं निघाली ती निघालीच. एका दिव्यावरची खुर्ची बघता बघता मागं पडली. वासिफनं बटण दाबलं. दोन दिवे, तीन, मग पाचही. बापाला मागं टाकू नये म्हणून इतकी वर्षं हळू चाललेला पोरगा आता बापाला गाठायला खुर्ची पळवत होता. खड्ड्यात चाकं आदळली की त्याची मान हिसकायची. दांडीवरचं बोट त्यानं काढलं नाही. मी बाजूनं जवळजवळ धावत होतो.

चौक ओलांडून चढ लागला आणि खुर्ची थांबली. त्यानं दांडी परत परत लोटली. लाल दिवा एकदा लागला आणि विझला. पुढं जनाजा वळणावर दिसेनासा झाला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"रातीला चार्जिंगला कुनी लावलीच नाय, सांडूकाका," तो म्हणाला. "अब्बा लावायचे."

तोवर तो रडला नव्हता. उलट घरच्यांना तोच धीर देत होता. तिथं भर रस्त्यात, बाजूनं गाड्या जात असताना, तो लहान लेकरासारखा रडला. डोळे पुसायला त्याचा हात वर जाईना. मी माझ्या रुमालानं पुसले, आणि मग मलाही आवरलं नाही.

मोटार सुटी करायचे खटके खाली, चाकांपाशी असतात. ते ओढले आणि हँडल धरलं. उजवीकडची रबरी मूठ नवाबभाईंच्या हातानं झिजून गुळगुळीत झाली होती. त्या मुठीला धरून मी चढ चढलो. खुर्ची भयंकर जड होती.

कब्रस्तानात पोचलो तेव्हा लोक हात झटकत परत फिरत होते. कबर बुजली होती. ढिगाऱ्यांमधून खुर्ची पुढं जाईना. मी घमेल्यात माती आणली आणि वासिफचा हात उचलून तिच्यावर ठेवला. त्यानं बोटं मातीत घातली, बराच वेळ तशीच ठेवली. मग ती माती मी नवाबभाईंवर नेऊन टाकली. कबरीपर्यंत बापाबरोबर जायचं त्याचं राहिलं ते राहिलंच.

घरी आल्यावर प्लग मीच लावला. स्टूल जागच्या जागी होतं.

काही दिवसांनी वासिफ दुकान उघडायला आला. बॅटरी भरलेली, रस्ता मोकळा, आणि हा एका दिव्यावर, मुंगीच्या पावलानं. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मला राहवलं नाही.

"अरे, आता कुणासाठी एवढं हळू? वाढव की."

"काल वाढवली होती, काका," तो म्हणाला. "अब्बा मागं राहतेल असं वाटलं."

आणि तो एका दिव्यावरच पुढं गेला.