वाळूला पाय

माझ्या शुद्धलेखनाला आणि वेड्यावाकड्या अक्षराला हसू नये. चौथीनंतर हातात पेन्सिलीऐवजी लाटणं आलं. ही वही गावच्या बहिणीसाठी. शहरातली माणसं हुशार असतात असं तिला वाटतं, म्हणून हा प्रवास मुद्दाम लिहिते.

बदलापूरला कात्रपमध्ये ज्या मॅडमकडे मी स्वयंपाक करते, त्यांनी नऊशे रुपये देऊन मला उल्हासनगरहून जिताडा (खाडीतला मोठा मासा) आणायला लावला. दुसऱ्या दिवशी साफ करायला घेतला तर डोकं मोठं, अंग वाळलेलं, आणि कल्ल्यांत कणीएवढं काहीतरी चिकटलेलं.

"स्वस्तातला उचललास. बाकीचे पैसे कुठे गेले?" मॅडम म्हणाल्या.

चौदा वर्षं त्यांच्या घराची चावी माझ्याकडे आहे. मासा पिशवीत घातला आणि निघाले.

शेअर रिक्षात शेजारी शिवमंदिराला निघालेल्या बाई होत्या. मांडीवर बेलाची पानं, नाकाला पदर. "सोमवारी मासे घेऊन फिरता?" अंबरनाथला उतरताना त्यांनीच रिक्षावाल्याला फाटकी नोट चिकटवली. माझ्या पिशवीबद्दल देवाने त्यांना माफ केलं असेल. नोटेचं ठाऊक नाही.

दुसरी रिक्षा करून उल्हासनगरच्या कॅम्प तीनला पोचले. जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत मासेवाल्याचं दुकान गाठलं. त्याने मान वर न करता निकाल दिला.

"वाळू आहे ती, ताई. खाडीत जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेला मासा. वाळू लागणारच. धुवा."

"धुतला," मी म्हणाले. ते फक्त माशाने ऐकलं असावं.

चार दुकानं सोडून काचेच्या टाक्यांत शोभेचे मासे विकणारे एक म्हातारे सिंधी गृहस्थ होते. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्यातलेही मासे होते. मी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी कल्ल्यावर भिंग धरलं.

"बेटी, रेती को टांग होती है क्या?"

मी वाकून पाहिलं. बारीक बारीक पाय होते. माशाची ऊ. पिंजऱ्यात मासे कोंबले की एकाची दुसऱ्याला लागते, रक्त पिते, मासा सुकतो, असं त्यांनी सांगितलं. शिजवून खाणाऱ्याला काही होत नाही. मासा थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवला तरी बऱ्याच गळून पडतात.

मला आमची आश्रमशाळा आठवली. एका सतरंजीवर दहा मुली, सगळ्यांत एक फणी. पण तिथल्या बाई निदान डोक्याला रॉकेल तरी लावायच्या. या पिंजरेवाल्याला साधं पाणी महाग झालं होतं.

भिंग मागून घेतलं आणि मासेवाल्याच्या वजनकाट्याशेजारी जाऊन उभी राहिले. मला बोलता येत नाही, उभं राहता येतं. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं?" मी भिंग पुढे करायची.

"अगं बाई, वळवळेल की काय!" एक बाई म्हणाली आणि निवडलेली कोळंबी ठेवून गेली.

मासेवाल्याने साडेचारशे पुढे केले. मी हात पुढे केला नाही. "बाकीच्याची सुरमई न्या." मी पुढच्या गिऱ्हाइकाला भिंग दिलं. मग मात्र पूर्ण नऊशे काट्यावरच आले.

भिंग परत करून संध्याकाळी कात्रपला पोचले. मॅडमनी नोटा दोनदा मोजल्या, एक उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या लवकर ये."

पैसे पुरते फिटले. उद्या मी माझ्या वेळेवर जाणार आहे.