गाऱ्हाण्यातली तंबाखू

गुहागरच्या बागांतून सुपारी घेऊन विकायची, यावर मी घर बांधलं. पण सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही, तंबाखूला तर हातही लावला नाही. म्हणून मानेला गाठ येऊन टॉन्सिलचा कॅन्सर निघाला, तेव्हा मी डॉक्टरांशीच हुज्जत घातली. ते म्हणाले, हा विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरसंबंधांतून येतो, कित्येकांना येऊन जातो, एखाद्याच्या घशात वर्षानुवर्षं गप्प बसतो. हल्ली तंबाखू न खाणारे असे रुग्ण वाढलेत, पण त्यांना उपचार चांगले लागू पडतात.

हे सगळं मी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, नीट सांगितलं होतं. तरी मी रेडिएशनसाठी मुंबईत असताना त्याने गावच्या देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. आमच्या घरात तो मान त्याचा. "तंबाखूपायी लेकराकडून चूक झाली असेल, ती पदरात घे रे महाराजा." अख्खा गाव म्हणाला, "होय महाराजा."

परत आलो तेव्हा घोटभर पाणी उतरत नव्हतं आणि आवाज तर नव्हताच. भांडणार कसा? पाटीवर लिहिलं, "तंबाखू कोणी खाल्ली?"

"बायाबापड्यांसमोर त्या विषाणूचं काय सांगू?" दादा म्हणाला. "त्यापेक्षा तंबाखू बरी. गपचूप पेज पी."

दोन महिने रोज सकाळी तो गाळलेली पेज घेऊन यायचा आणि स्वतः भरवायचा. मी चमचा ढकलला की वहिनीला म्हणायचा, "गिऱ्हाईक आज नडतंय."

पुढे तपासणी स्वच्छ आली, आवाजही बराचसा परतला. नवस फेडायला गेलो तेव्हा देवळाच्या पायरीवरच मी दादाला अडवलं.

"आज गाऱ्हाण्यात दुरुस्ती करायची. आणि तुझ्या नातवंडांना या विषाणूची लस द्यायची."

"एवढ्याशा पोरांना?"

"याच वयात द्यायची असते."

"दोन्ही नाही जमायचं. देवासमोर शब्द फिरवला तर पुढे माझं गाऱ्हाणं कोण ऐकेल? एक काय ते माग."

इतक्या झटकन सौदा मी आयुष्यात केला नव्हता. लस मागितली.

नातवंडांना मीच गाडीतून रत्नागिरीला नेऊन लस टोचून आणली. बाजारात अजून कुणीतरी विचारतं, "सुटली ना तंबाखू?" माझं डोकं फिरतं. दादा शेजारी असला तर माझ्याआधी तोच सांगतो, "सुटली हो, कधीच."